रमाबाई रानडे : आपले काम शोधणारी स्त्री

आपल्या ज्ञातिमंडळाची वार्षिक सभा भरली, की एक प्रसंग दरसाल ठरल्यासारखा घडतो. अहवाल वाचून होतो, जमाखर्च मंजूर होतो, आणि मग चिटणीस उभे राहून विचारतात, की विद्यार्थी-साहाय्य निधीसाठी घरोघर जाण्याचे, इस्पितळातील रुग्णांच्या भेटीस जाण्याचे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची विचारपूस करण्याचे काम यंदा कोण पत्करणार. त्या क्षणी सभागृहात जी शांतता पसरते ती आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. कोणी चष्मा पुसू लागतो, कोणास घड्याळाची आठवण होते. आम्हीही त्या शांततेत मान खाली घालून बसलो आहोत, हे प्रथमच कबूल केलेले बरे.

ही शांतता स्वार्थातून येते असे आम्हांस वाटत नाही. सभा संपल्यावर चहाच्या वेळी तीच मंडळी जवळ येऊन सांगतात, की काही तरी करावे असे फार वाटते, परंतु आपल्या हातून काय होण्यासारखे आहे तेच कळत नाही. काहींनी उत्साहाच्या भरात एखादे काम अंगावर घेतलेले असते आणि ते दिवाळीच्या आत सुटलेले असते, आणि मग पुन्हा नाव देण्याचा संकोच वाटतो. विशेषतः निवृत्त झालेले गृहस्थ आणि मुलेबाळे मार्गी लागलेल्या भगिनी यांच्या तोंडून हे आम्ही अनेकदा ऐकले आहे. सेवेची इच्छा असणे ही एक गोष्ट आणि आपल्या हाताला बसणारी सेवा सापडणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर तुटण्यास कित्येकांस वर्षे लागतात.

म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी चरित्र लिहिण्याची सूचना आली तेव्हा आम्ही रमाबाई रानडे यांचे नाव निवडले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची पत्नी म्हणून त्या सर्वांस ठाऊक आहेत. २०१२ मध्ये त्यांच्या आयुष्यावरील मालिका दूरचित्रवाणीवर दाखविली गेली, तेव्हापासून तर घरोघरच्या लहान मुलींनाही त्या ठाऊक झाल्या. परंतु लोकांच्या स्मरणात राहते ती बहुधा पाटीवर अक्षरे गिरविणारी मुलगी. पतिनिधनानंतर त्या तेवीस वर्षे जगल्या, आणि त्या तेवीस वर्षांत त्यांनी जे उभे केले ते आठवणीत मागे पडते. आम्हांस येथे मुख्यतः त्या उत्तरायुष्याविषयी लिहावयाचे आहे. तथापि पूर्वायुष्य थोडक्यात सांगितल्यावाचून पुढचे नीट कळणार नाही.

रमाबाईंचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. (पुढे याच गावी यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला.) मुलींना शिकविण्याची त्या घरात चाल नव्हती. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. वर एकतीस वर्षांचे, पुण्यास न्यायखात्यात अधिकारी, विद्वान म्हणून गाजलेले आणि सुधारक म्हणून त्याहूनही अधिक गाजलेले. माधवरावांची पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा पुरुष आता स्वतः विधवेशी विवाह करील अशी मित्रांची अपेक्षा होती, आणि तसे तो करील या धास्तीने वडिलांनी घाईने हे लग्न ठरविले. वडिलांच्या शब्दापुढे माधवराव नमले. त्यांच्यावर याबद्दल टीका झाली, आणि ती सर्वस्वी अन्यायाची होती असे म्हणवत नाही. त्यांनी आपल्या परीने त्याची भरपाई केली ती या मुलीस शिकवून. लग्नानंतर लागलीच तिचे धुळाक्षर सुरू झाले.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ते रुचले नाही. त्यांनी उघड मनाई केली नाही, कारण माधवरावांपुढे तसे बोलण्याची सोय नव्हती, परंतु टोमणे, अबोला, पंक्तीत निराळी वागणूक ही सारी शस्त्रे त्यांच्यापाशी होती आणि ती त्यांनी वापरली. पुढे रमाबाई इंग्रजी शिकू लागल्या आणि बाहेरच्या सभांना जाऊ लागल्या तेव्हा या छळास धार आली. रमाबाईंनी आपल्या आठवणींत हे सारे लिहून ठेवले आहे, आणि आश्चर्य असे, की ते लिहिताना त्यांच्या लेखणीत कडवटपणा आलेला नाही. त्या स्त्रियाही परिस्थितीने बांधलेल्या होत्या, हे जणू त्यांनी लिहिता लिहिता समजून घेतले.

१८७८ मध्ये माधवरावांची नाशिकास बदली झाली. तेथे शाळेच्या समारंभात रमाबाईंनी पहिले जाहीर भाषण केले. ते माधवरावांनी लिहून दिलेले होते. पुढे शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या १८७९ च्या कायद्याखालील कामासाठी माधवरावांना जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरावे लागे, तेव्हा त्याही बरोबर जात आणि मुक्कामाच्या गावी मुलींची शाळा असली तर ती पाहून येत. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाज निघाला, तेव्हा रमाबाई रानडे त्यात गेल्या, आणि त्यामुळे घरी काय सोसावे लागले ते सांगावयास नको. १८८४ मध्ये हिराबागेत गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारे इंग्रजी निवेदन वाचण्याचे काम त्यांच्याकडे आले. बाईमाणसाने भर सभेत उभे राहून, आणि तेही इंग्रजीत वाचावयाचे! त्या दिवशी घरी परतल्यावर त्यांचे स्वागत कसे झाले असेल याची कल्पना आपल्या आजी-पणजींच्या गोष्टी ऐकलेल्या वाचकांस सहज करता येईल. त्याच वर्षी ती शाळा सुरू झाली, आणि आपल्या ज्ञातीतील किती मुली पुढे तेथे शिकल्या हे आपण जाणतोच.

या साऱ्या काळात रमाबाई सार्वजनिक कामात होत्या खऱ्या, परंतु ते काम माधवरावांनी दाखविलेले होते. भाषण त्यांनी लिहून द्यावे, सभा त्यांनी सुचवावी, गाठीभेटी त्यांनी घालून द्याव्या. १८९३ मध्ये माधवराव मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस आले. तेथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांसाठी एक मंडळ चालविले, त्यात शिवणकाम, भाषा आणि सामान्य ज्ञान यांचे वर्ग घेतले. हे काम त्यांचे स्वतःचे म्हणता येईल, तरी त्यांचा खरा दिवस घरातच जाई. माधवरावांचे डोळे अधू झाले होते. त्यांना वाचून दाखवावयाचे, ते सांगतील ते लिहून घ्यावयाचे, त्यांच्या दुखण्यांत रात्ररात्र उशाशी बसावयाचे, हे त्यांनी वर्षानुवर्षे केले. ही दोन कामे वाचकांनी ध्यानात ठेवावी : आजाऱ्यापाशी बसणे आणि वाचून दाखविणे. संसारातील हीच साधी कामे पुढे त्यांच्या सार्वजनिक सेवेची भांडवल ठरली.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव गेले. रमाबाईंनी तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. अंगी शिक्षण होते, नाव होते, पैशाची विवंचना नव्हती, आणि करावयास काहीच उरलेले नव्हते. मुंबई सोडून त्या पुण्यास मंडईजवळील आपल्या जुन्या वाड्यात येऊन राहिल्या. सुमारे वर्षभर त्या बाहेर पडल्या नाहीत, कोणाच्या सभेस गेल्या नाहीत.

त्या वर्षाविषयी चरित्रकार फार थोडे लिहितात. आम्हांस मात्र ते वर्ष सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्या घरात दिवसाचा प्रत्येक प्रहर दुसऱ्यासाठी नेमलेला होता, तेथे आता सकाळपासून रात्रीपर्यंत मोकळा वेळ होता. आपल्या ज्ञातीत अशा स्त्रिया त्या काळी शेकड्यांनी होत्या. बहुतेकींच्या वाट्यास कोनाड्यातील देव, जपमाळ आणि दुसऱ्याच्या संसारातील उष्टी-खरकटी आली. रमाबाईंना पहिल्या दोन गोष्टींचा तिटकारा नव्हता, त्या मनाने श्रद्धाळूच होत्या. परंतु तेवढ्यावर त्यांचे भागेना.

बाहेर पडल्या तेव्हा त्यांनी प्रथम काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी संस्था काढली नाही. त्या भेटीस जाऊ लागल्या. येरवड्याच्या मध्यवर्ती तुरुंगात स्त्री-कैद्यांचा विभाग होता. तेथे त्या नियमाने जाऊन त्या स्त्रियांपाशी बसू लागल्या, त्यांच्याशी बोलू लागल्या. सुधारगृहात ठेवलेल्या मुलांकडे सणावारी खाऊ घेऊन जाऊ लागल्या. इस्पितळात रुग्णांना फळे, फुले आणि वाचावयास पुस्तके नेऊन देऊ लागल्या.

आता तुरुंगातील स्त्रिया म्हणजे कोण? कोणी चोरीसाठी आलेली, कोणी नवजात अर्भकाच्या मृत्यूच्या आरोपाखाली आलेली, कोणी घरच्या मारहाणीतून हातून भलतेच घडून आलेली. त्या काळच्या पांढरपेशा घरात ज्यांचे नाव घेणेही अभद्र मानीत, त्यांच्याशेजारी न्यायमूर्तींची विधवा पत्नी जाऊन बसते, हे पुण्यातील पेठांना पचणे कठीण होते. जिच्या पतीने जन्मभर न्यायासनावरून माणसांना शिक्षा सांगितल्या, तिने शिक्षा भोगणाऱ्यांकडे जावे यात काही विशेष अर्थ होता काय, असा विचार आमच्या मनात येऊन जातो. रमाबाईंनी तसे काही लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही, म्हणून तो अर्थ आम्ही त्यांच्यावर लादत नाही.

या भेटींसाठी काय लागत होते ते पाहू. पदवी लागत नव्हती. निधी लागला तो फळांपुरता आणि खाऊपुरता. लागत होते ते एवढेच, की ठरलेल्या दिवशी जावयाचे, मागे बसावयाचे, ऐकावयाचे आणि कंटाळावयाचे नाही. सभेत भाषण करणे त्यांना येत होतेच, आणि ते त्या सोडत्या तरी कोणी बोल लावला नसता. परंतु त्यांना स्वतःची अशी जी जागा सापडली ती उशाशी बसण्याची. अठ्ठावीस वर्षांच्या संसाराने जे शिकविले तेच त्यांनी दाराबाहेर नेले. आम्हांस नेहमी वाटते, की आमच्या सभेत मान खाली घालून बसणाऱ्या कित्येक भगिनींना हे काम आधीपासूनच येत असते. आपणांस ते येते हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

१९०४ च्या डिसेंबरात मुंबईस भारत महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्यांनी आग्रह केला म्हणून रमाबाईंनी अध्यक्षपद स्वीकारले. आता त्यांना भाषण लिहून देणारे कोणी नव्हते.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल हे दोघे गृहस्थ त्यांच्याकडे आले. एक पारशी, दुसरे सिंधी. हिंदी स्त्रियांना रुग्णसेवेचे आणि समाजसेवेचे शिक्षण देणारी संस्था काढावी अशी त्यांची कल्पना होती, आणि तिच्या शिरोभागी रमाबाईंनी असावे अशी विनंती होती. मुंबईचे सेवासदन निघाले ते असे. दुसऱ्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यास सेवासदन निघाले. त्याचा आरंभ रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात झाला. ज्या वाड्यात एके काळी त्यांच्या हातातील पुस्तकावरून भांडणे होत, त्याच वाड्यात आता प्रौढ बायका पाटी-पेन्सिल घेऊन येऊ लागल्या. दैव कधी कधी अशी परतफेड करते.

पुण्याच्या कामात त्यांना जोडीदार मिळाले ते गोपाळ कृष्ण देवधर, ना. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सभासद. संस्थेचे पत्रव्यवहार, वर्गण्या, सरकारदरबारच्या खेपा, हिशेब ही सारी खटपट देवधरांनी उचलली. रमाबाईंकडे काय होते? त्यांच्याकडे होता विश्वास. आपली सून, आपली विधवा बहीण घराबाहेर पाठवावयाची तर ती कोणाच्या नजरेखाली राहणार, हा प्रत्येक घराचा पहिला प्रश्न असे, आणि त्याचे उत्तर रमाबाई हे होते. देवधरांना हा विश्वास मिळविणे जमले नसते, आणि रमाबाईंना एकटीने देवधरांची खटपट झेपली नसती. आपल्याकडे संस्था मोडतात त्या बहुधा एकाच माणसाने दोन्ही करावे या आग्रहापायी. हे आम्ही अनुभवाने लिहीत आहोत. अधिक खोलात जात नाही.

सेवासदनाच्या साऱ्या कामांत सर्वांत अवघड निघाले ते परिचारिकांचे शिक्षण. आजच्या पिढीस यातील अडचण समजावून सांगावी लागेल. आज आपल्या घराघरांतील मुली इस्पितळांत नोकरीस आहेत, परदेशीही गेल्या आहेत, आणि आपण ते अभिमानाने वधूवर-सूचीत छापतो. त्या काळी रुग्णाची शुश्रूषा हे हलक्या जातीचे किंवा ख्रिस्ती मिशनमधील स्त्रियांचे काम समजत. परक्या पुरुषाच्या अंगास हात लावावयाचा, रक्त-पू धुवावयाचा, मलमूत्राची भांडी उचलावयाची, कोणत्या जातीचा रुग्ण आहे हे पाहावयाचे नाही, रात्रपाळीस घराबाहेर राहावयाचे, यांपैकी एकेक गोष्ट ब्राह्मणाच्या घरातील विधवेस बहिष्कारास पात्र करावयास पुरेशी होती. तरीही सेवासदनाने आपल्या विद्यार्थिनी ससून इस्पितळात शिकावयास पाठविल्या. त्यांच्यासाठी निराळे वसतिगृह काढले, आणि वैद्यकी शिकणाऱ्या मुलींसाठी आणखी एक काढले.

येथे आम्हांस ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहावयास अवघड अशी एक गोष्ट लिहिली पाहिजे. या स्त्रियांना सर्वांत अधिक नावे ठेविली ती आपल्याच लोकांनी. ज्यांच्या पंक्तीस त्या बसत त्यांनीच त्यांना पंक्तीबाहेर काढण्याच्या गोष्टी केल्या. संस्थेच्या एका वार्षिक समारंभात एक विधवा विद्यार्थिनी परंपरेच्या वेषात बक्षीस घेण्यास पुढे आली, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. हे विद्यार्थी कॉलेजात शिकणारे, चांगल्या घरचे होते. रमाबाई उठून उभ्या राहिल्या. एरव्ही मृदू बोलणारी ही बाई त्या दिवशी संतापली होती. तुम्ही स्वतःस सुशिक्षित म्हणविता आणि तुमच्या प्रत्येकाच्या घरी अशीच एखादी बहीण, आत्या किंवा आई आहे, हे त्यांनी त्यांना ऐकविले. सभा निःशब्द झाली. आम्ही ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा क्षणभर त्या मुलीच्या जागी स्वतःस पाहण्याऐवजी त्या विद्यार्थ्यांच्या जागी स्वतःस पाहिले, आणि ते दृश्य फारसे सुखावह वाटले नाही.

ज्ञातीच्या कार्यास लागलेल्या आम्हां मंडळींस रमाबाईंच्या चरित्रातून एक प्रश्न टोचत राहतो. त्यांची सेवा ज्ञातीपुरती नव्हती. येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी कोणाची जात विचारली नाही, इस्पितळातील फळे गोत्र पाहून वाटली नाहीत, आणि सेवासदनाचे दार कोणा एका समाजासाठी उघडलेले नव्हते. मग ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत आम्ही त्यांचे चरित्र कोणत्या तोंडाने छापावे? आमच्यापुरते उत्तर असे, की त्यांनी घरापासून आरंभ केला, स्वतःचा वाडा दिला, आपल्याच आप्तांचा रोष पत्करला, आणि मग त्या पुढे गेल्या. आरंभ जवळून करण्यात कमीपणा नाही. परंतु रुग्णभेटीच्या समितीने आपल्या यादीतील खाटेपाशी जाताना शेजारच्या खाटेकडे पाठ फिरवावी, असे कोणी म्हणेल तर त्यास या बाईंचा आधार मिळणार नाही. याविषयी मंडळात मतभेद आहेत, हे आम्ही जाणून आहोत.

लेखनाचे कामही त्यांनी याच काळात केले. आपल्या आयुष्यातील आठवणींचे त्यांचे पुस्तक १९१० मध्ये निघाले. त्याला गोपाळ कृष्ण गोखल्यांची प्रस्तावना आहे. मराठीतील स्त्रियांच्या आत्मचरित्रांत त्याचे स्थान अग्रभागी आहे, आणि आमच्या मते घरगुती मराठी कशी लिहावी याचा तो वस्तुपाठ आहे. १९१५ मध्ये त्यांनी माधवरावांचे इंग्रजी संकीर्ण लेख गोळा करून छापविले. ज्या मुलीस लग्नाच्या दिवशी अक्षरओळख नव्हती तिने पतीच्या इंग्रजी लेखांचा ग्रंथ प्रसिद्ध करावा, याचे कौतुक करावे तितके थोडेच.

गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे मदतीच्या कामास गेल्या. पुण्याच्या नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला, आणि पैसा थोडा म्हणून तूर्त मुलांपुरतेच पाहावे असे मत जोर धरू लागले, तेव्हा मुलींसाठी स्त्रियांची चळवळ उभी करण्यात त्या पुढे होत्या. त्यात त्यांना पुण्यातील मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या विरोधास तोंड द्यावे लागले. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा यासाठी १९२१ च्या सुमारास जी चळवळ झाली तिच्याही त्या अग्रभागी होत्या, आणि त्याच वर्षी मुंबईच्या कायदे कौन्सिलाने स्त्रियांवरील ती बंदी उठविण्याचा ठराव केला. या तिन्ही गोष्टींवर स्वतंत्र लेख होऊ शकतील. आमची लेखणी मात्र ओढ घेते ती आळंदीकडे.

आषाढी-कार्तिकीच्या सुमारास आळंदीस वारकऱ्यांची दाटी होते. कार्तिक वद्यात ज्ञानेश्वरांच्या समाधीचा सोहळा, आषाढीच्या आधी पालखीचे प्रस्थान. इंद्रायणीच्या काठी त्या दिवसांत ज्याने पाय ठेवला आहे त्याला ठाऊक आहे, की गर्दीत स्त्रियांचे हाल निराळे असतात. कोणाचे मूल चुकते, कोणी घाटावर घसरते, कोणी म्हातारी उपवासाने आणि चालण्याने भोवळ येऊन पडते, आणि तिला उचलावयास परका पुरुष धजत नाही. पुरुष स्वयंसेवक अशा यात्रांत असत. स्त्रियांनी स्वयंसेवक म्हणून जाणे ही नवी गोष्ट होती. रमाबाई सेवासदनातील स्त्रियांचे पथक घेऊन आळंदीस जाऊ लागल्या. वय साठीकडे झुकले, प्रकृती साथ देईना, तरी हे जाणे त्यांनी सोडले नाही. अगदी अखेरच्या वर्षांपर्यंत त्या जात राहिल्या.

हे दृश्य आम्ही अनेकदा मनापुढे आणले आहे. आपल्याकडे सोवळ्यातील विधवा यात्रेस जात ती पुण्य जोडावयास, आणि गर्दीत तिचा स्वतःचाच भार इतरांवर पडे. येथे तशाच विधवा त्याच यात्रेत दुसऱ्यांचा भार उचलावयास आल्या होत्या. इंद्रायणी तीच, टाळमृदंग तेच, कदाचित नामही तेच मुखी. फरक एवढाच, की पूर्वी त्यांना कोणी सांभाळीत असे आणि आता त्या कोणास सांभाळीत होत्या. हा फरक त्या बायकांना स्वतःस किती मोठा वाटला असेल! दुसऱ्याच्या घरात खालमानेने राहिलेल्या माणसास आपली कोणास तरी गरज आहे हे कळले, म्हणजे काय घडते, ते ज्याने पाहिले आहे त्यास आम्ही अधिक सांगत नाही.

सेवासदनाचा व्याप रमाबाईंच्या डोळ्यांदेखत वाढला. प्रौढ स्त्रियांच्या प्राथमिक वर्गांपासून शिक्षिकांच्या अध्यापन विद्यालयापर्यंत शाखा फुटल्या. शिवण, हस्तकला, शुश्रूषा यांचे वर्ग निघाले. येथून शिकून गेलेल्या कितीतरी बायका गावोगाव शाळांत मास्तरणी झाल्या, इस्पितळांत नर्सा झाल्या, आणि त्यांच्या मिळकतीवर त्यांचे भाऊ-भाचे शिकले. आपल्या मंडळातील जुन्या कुटुंबांनी आपल्या घरच्या जुन्या पेट्या एकवार उघडून पाहाव्या. एखाद्या आजेसासूबाईचे सेवासदनाचे प्रशस्तिपत्र तळाशी सापडले तर आम्हांस आश्चर्य वाटणार नाही. ते सापडल्यास पुढील स्मरणिकेसाठी त्याची प्रत जरूर पाठवावी.

१९२४ च्या एप्रिलमध्ये रमाबाई वारल्या. महात्मा गांधींनी आपल्या पत्रात त्यांच्यावर श्रद्धांजलीचा लेख लिहिला. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. परंतु मृत्यूच्या वर्षीची एक गोष्ट आम्हांस या दोहोंहून बोलकी वाटते. ज्या वाड्यात वर्षभर त्या एकट्या बसून राहिल्या होत्या, तेथे आरंभ झालेल्या पुण्याच्या सेवासदनात त्या वर्षी हजारांहून अधिक स्त्रिया आणि मुली शिकत होत्या.